बोरेहाळच्या कचराभट्टीतल्या मिरच्यांबाबत

ठिकाण: पोलीस चौकी, बोरेहाळ, ता. दक्षिण सोलापूर, जि. सोलापूर

नाव: दाक्षायणी सिद्रामप्पा कलशेट्टी. वय: ५४ वर्षे. धंदा: शेती व घरकाम, तसेच महिला बचत गटाची अध्यक्ष. राहणार: बोरेहाळ.

मी वरील नावाची बाई समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही, मी माझ्या पायाने आले आहे. मंगळवारी आमच्या गावच्या कचराभट्टीतून मिरचीचा धूर सुटला. त्या गोंधळात निंगव्वा नावाची म्हातारी पडली आणि तिचा हात मोडला. त्या प्रकरणी दानेश्वरी बसवराज येणेगुरे हिने त्याच दिवशी या चौकीत जबाब दिलेला आहे. तो जबाब खोटा आहे, हे सांगायला मी आज गुरुवारी आले. माझे म्हणणे महिला हवालदार भार्गवी मॅडम लिहून घेत आहेत. थोडक्यात सांगा, असे त्यांनी मला दोनदा बजावले आहे. थोडक्यात सांगितले तर सगळा दोष दानेश्वरीवरच राहतो, म्हणून मी सविस्तर सांगते.

माझ्या घरी मी, माझे पती सिद्रामप्पा, मुलगा आणि सून भुवनेश्वरी असे चौघे राहतो. सुनेला सातवा महिना चालू आहे. दानेश्वरी आमच्यापासून चार घरे सोडून राहते. वयाने ती माझ्याहून बरीच लहान. लग्न होऊन गावात आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हते, कन्नडच बोलायची. तिला बाजार मी दाखवला, बँकेत मी नेले, बचत गटात मी घेतले. आमचा गट कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून सोलापूरच्या दुकानांना देतो. चटणीच्या मिरच्यांचे देठ खुडायला आम्ही दोघी एकाच पोत्याशी बसत होतो. मी तिला दानव्वा म्हणते, ती मला अक्का म्हणते. तुमचे संबंध कसे होते, असे मॅडमनी विचारले. चांगले होते.

आमचे गाव सोलापूरला लागून आहे, पण महापालिकेची घंटागाडी हद्दीवरूनच मागे वळते. प्लॉट पडले, भाडेकरू आले आणि कचरा वाढला. लोक ओढ्यात टाकायचे, नाहीतर कोपऱ्यावर पेटवून द्यायचे. ओल्या कचऱ्याचे खत करायचे काम आमच्या गटाने अंगावर घेतले. कोणत्या बादलीत काय टाकायचे हे मी घरोघर जाऊन बायकांना शिकवले. ते खड्डे बघायला पंचायत समितीचे लोक येत. मला शाल आणि नारळ मिळालेला आहे, त्याचा फोटो आमच्या पुढच्या खोलीत लावला आहे. पण चिंध्या, लहान मुलांचे डायपर, बायकांचे पॅड, यांचे खत होत नाही. ते कुत्री ओढून रस्त्यावर आणायची. म्हणून ग्रामपंचायतीने छोटी भट्टी बसवायचे ठरवले.

भट्टी चालवायला एक बाई शिकवून तयार करायची होती. ग्रामसभेत सरपंच श्रीमंत अण्णांनी विचारले, कोण जाणार? कोणी हात वर केला नाही. लोकांचे डायपर जाळायचे काम, त्यात कसला मान? मीच उठून म्हणाले, "दानव्वाला धाडा की. तिला घरी कुटं काय काम हाय." सभा हसली. दानेश्वरीही हसली आणि हो म्हणाली. तिचे नाव मी सुचवले होते हे आता गावात कोणाला आठवत नाही, म्हणून इथे सांगून ठेवते.

चिंचोळी एमआयडीसीत ज्या कारखान्यात ती भट्टी बनली, तिथे जाऊन दानेश्वरी शिकून आली. येताना खाकी अंगरखा, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि डोळ्यांना लावायचा मोठा चष्मा घेऊन आली. पदर आत खोचून ती पहिल्या दिवशी भट्टीकडे निघाली तेव्हा मी दारात उभी होते. मला वाटले बायका तोंडाला पदर लावून हसतील. कोणी हसले नाही. "लई शोभतंय की गं," म्हणाल्या.

मॅडमनी भट्टीची माहिती विचारली म्हणून सांगते. भट्टी माणसाच्या उंचीची आहे, आतून विटांची, वर लोखंडी धुराडे. तिला दोन कप्पे आहेत. खालच्या कप्प्यात कचरा जळतो, वरच्या कप्प्यात त्याचा धूर जळतो. त्यासाठी आधी नुसत्या तुराट्या घालून भट्टी तापवायची. बाहेरच्या तबकडीवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आला की मगच कचरा घालायचा. घाई केली तर धूर जळत नाही, तसाच बाहेर पडतो. ओला कचरा, काच, सेल आणि पाइपचे प्लास्टिक आत जाऊ द्यायचे नाही. राख झाकणाच्या खड्ड्यात टाकायची, भांडी घासायला न्यायची नाही. हे सगळे मला तोंडपाठ आहे, कारण दानेश्वरी ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि माझे कान चांगले आहेत.

ही भट्टी दिवाळीपर्यंत बंद पडेल, असे मी चार जणींना सांगितले होते. ती बंद पडली नाही. ओढा मोकळा झाला, कोपऱ्यावरचे धुमसणारे ढीग गेले. घरात, अंगणात, रस्त्यावर कोणी काही पेटवायचे नाही, सगळे भट्टीला द्यायचे, अशी ग्रामपंचायतीने दवंडी दिली. गावात तिला कोणी ग्रामपंचायतीची भट्टी म्हणत नाही, दानव्वाची भट्टी म्हणतात. आमच्या खताच्या खड्ड्यांना कितीतरी वर्षे झाली, त्यांना दाक्षायणीचे खड्डे असे कोणी म्हटले नाही. म्हणावे अशी माझी इच्छाही नाही, पण फरक लक्षात येतो.

दानेश्वरीचा फोटो पेपरात आला. तो माझ्या पतींनी कापून ठेवला. माझ्या पतींनी लग्न झाल्यापासून घरातला केर कधी उचललेला नाही. आता ते सकाळी उठून स्वतः कचऱ्याची पिशवी घेऊन भट्टीवर जातात, काटा कुठवर आला ते बघत उभे राहतात आणि घरी येऊन मला सांगतात. एकदा जेवताना म्हणाले, "बाई लई टापटिपीची हाय." मी आमटीची वाटी जरा जोरात ठेवली, एवढेच. यात वावगे काही नाही. माझे पती साधे आहेत आणि दानेश्वरीही तशी नाही. वावगे असते तर मला भांडायला सोपे गेले असते.

मला खरे लागले ते वेगळेच. गावातल्या बायका आपले सगळे मला सांगतात, अशी माझी समजूत होती. नवऱ्याचे, सासूचे, घरातले, सगळे. भट्टी सुरू झाल्यावर बायका आपापले पॅड कागदात गुंडाळून दानेश्वरीच्या हातात नेऊन द्यायला लागल्या आणि तिथेच लिंबाखाली बसून बोलायला लागल्या. कोणाला जास्त जाते, कोणाचे दोन महिने चुकले, कोणाच्या मुलीला पहिल्यांदा आले. यातले मला काही माहीत नव्हते. माझ्या सुनेला दिवस गेलेले दानेश्वरीला माझ्या आधी कळले, कारण सुनेने ती गुंडाळी नेऊन देणे बंद केले होते. दानेश्वरीने मला सांगितले नाही. नंतर विचारले तर म्हणाली, "तिचं तिनं सांगायचं असतंय की, अक्का." त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरते बोलते. माझा जळफळाट झाला, असे लिहा, असे मी मॅडमना सांगितले. त्यांनी 'मन दुखावले' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले.

मंगळवारी आजूबाजूच्या गावांचे सरपंच आणि काही अधिकारी भट्टी बघायला येणार होते. मांडव घातला होता. दानेश्वरीचा सत्कार ठरला होता. स्वागताचे चार शब्द बोलायला मला सांगतील, असे मी धरून चालले होते, इस्त्रीची साडीही काढून ठेवली होती. सरपंच म्हणाले, "अक्का, तुमी च्याचं बघा." मी चहाचे बघितले.

त्याच्या आदल्या दिवशी अमावास्या होती. मी सकाळपासून घरोघर फिरले आणि बायकांना सांगितले, "उद्या बाहेरची माणसं येणार, गाव बघून जाणार. आज अमावास्या हाय, आपापल्या घरावरनं दृष्ट काढा." आमच्याकडे मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन माणसावरून, दारावरून उतरवतात आणि विस्तवात टाकतात. मॅडम इथल्याच असल्यामुळे त्यांना हे समजावून सांगावे लागले नाही. मिरच्या मी स्वतः घरोघर दिल्या, गटाच्या पोत्यातल्या. आमच्याकडे दोन पोती असतात, रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी गुंटूर. मी गुंटूर दिली. ब्याडगी महाग पडते, असे मी बायकांना सांगितले. ते खरे आहे, पण त्या दिवशी कारण ते नव्हते.

अडचण अशी निघाली की विस्तव कोणाकडेच नव्हता. चुली मोडून गॅस आले आहेत. गॅसवर मिरच्या टाकल्या तर सगळे घर खोकते आणि बर्नर खराब होतो तो वेगळाच. अंगणात पेटवायला बंदी. निंगव्वाने मला दारात थांबवून विचारले, "काढाय काढतो गं, पन टाकायचं कुटं?" मी म्हणाले, "गावात आता विस्तव एकच हाय की. दानव्वाच्या भट्टीला द्या." हे वाक्य माझे आहे, दुसऱ्या कोणाचे नाही. निंगव्वाला ते पटले. पुढे प्रत्येक दारात मी तेच सांगत गेले आणि बायकांनी पुड्या बांधून सुक्या कचऱ्याच्या पिशव्यांत घातल्या. माझ्या सुनेवरून मी स्वतः उतरवले. ती पुडी मी माझ्या हाताने बांधून पिशवीत घातली.

मिरच्या जळल्यावर ठसका लागतो हे तुम्हाला माहीत नव्हते का, असे मॅडमनी विचारले. माहीत होते. मला वाटले थोडा धूर येईल, पाहुणे डोळे पुसतील, पेपरवाला दानेश्वरीचा फोटो काढेल तो खोकतानाचा निघेल. आणि एक दिवस तरी सगळे गाव माझ्या शब्दावर चाललेले मला बघायचे होते. कोणाचे हाड मोडावे असे मनात नव्हते. एका घरच्या मूठभर मिरच्या मी डोळ्यांपुढे आणल्या होत्या. सगळ्या गावाच्या मिरच्या एकाच तोंडात जातील तेव्हा काय होईल, इतका पुढचा विचार मी केला नाही.

मंगळवारी पाहुणे सांगितल्यापेक्षा लवकर आले. दानेश्वरीने तुराट्या नुकत्याच पेटवल्या होत्या, काटा अजून खालीच होता. सरपंच श्रीमंत अण्णा तिला म्हणाले, "घाला की कचरा. सायबास्नी दावा." ती म्हणाली, "अजून तापली न्हाय, अण्णा." ते म्हणाले, "त्यास्नी पुढं जायाचं हाय. घाला." तेव्हा तिने पिशव्या घातल्या. मी जवळच चहाच्या पातेल्यापाशी उभी होते, हे बोलणे मी माझ्या कानांनी ऐकलेले आहे. दानेश्वरीने आपल्या जबाबात सरपंचांचे हे बोलणे सांगितलेले नाही, म्हणून मी सांगते.

थोडा वेळ काही झाले नाही. एक साहेब भाषणाला उभे राहिले. मग धुराड्यातून पिवळट धूर निघाला आणि वर न जाता वाऱ्याने खाली मांडवात आला. साहेब बोलता बोलता खोकले, मग पुढची रांग खोकली, मग सगळा मांडव. कोणाला डोळे उघडवेनात. कोणीतरी "गॅस फुटला, पळा" असे ओरडले. लोक खुर्च्या पाडत बाहेर धावले. निंगव्वाचा पाय मांडवाच्या दोरीत अडकला, ती पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. दानेश्वरी भट्टीचे दार बंद करून परत धुरात गेली. तिने स्वतःचा चष्मा काढून निंगव्वाच्या डोळ्यांना लावला आणि तिला उचलून बाहेर आणले. मी त्या वेळी चहाचे पातेले धरून उभी होते. चहा सांडला नाही.

आमच्यात असे मानतात की दृष्ट लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, आणि ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच. त्या हिशेबाने बोरेहाळला आणि दानेश्वरीच्या भट्टीला कोणाचीही दृष्ट नव्हती. बायका मंगळवारपासून हेच बोलत आहेत. मी स्वतः तिथे उभी असल्यामुळे मला तो हिशेब पटत नाही.

भट्टीत विषारी रसायन जाळले, अशी तक्रार निंगव्वाच्या मुलाने दिली. संध्याकाळी दानेश्वरीने इथे येऊन जबाब दिला. त्यात काय आहे ते मला बुधवारी सरपंचांच्या तोंडून कळले. तिने असे सांगितले आहे म्हणे, की कचऱ्यात मिरच्या होत्या, त्या मला दिसल्या होत्या, तरी मी घातल्या. भट्टी तापलेली नाही हेही मला दिसत होते. मला कोणी काही सांगितले नाही, चूक माझी एकटीची आहे.

हे सांगायला सरपंच बुधवारी दुपारी माझ्या घरी आले होते. भट्टी दानेश्वरीकडून काढून घेऊन आमच्या गटाला द्यायची, असे त्यांनी ठरवले होते. भट्टीच्या शेडची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आता तुमीच बघा, अक्का. तुमच्याबिगर गावात हाय कोन?" हे ऐकायला मी भट्टी बसल्यापासून थांबले होते. मला बरे वाटले. खोटे कशाला सांगू, फार बरे वाटले. मी सुनेला चहा टाकायला सांगितला. सून जागची उठली नाही. सरपंच गेल्यावर ती मला म्हणाली, "अत्ती, मिरच्या आपल्या हुत्या." सासूला आमच्यात अत्ती म्हणतात. माझे पती तिथेच होते. ते चपला घालून बाहेर गेले.

मी किल्ली घेऊन दानेश्वरीकडे गेले. किल्ली तिला दिसावी अशी हातात धरली होती, तेही लिहा. ती दारात बसून हातमोजे धूत होती. ग्रामपंचायतीला परत करायचे होते म्हणून धूत होती. पुढील बोलणे आमच्या दोघींत झाले, तिसरे कोणी नव्हते.

मी म्हणाले, "पिशव्या निवडताना पुड्या दिसल्या न्हाईत व्हय तुला?"

ती म्हणाली, "दिसल्या की."

"मग काढल्या का न्हाईस? वलं काढतीस, सेल काढतीस, मिरच्या तेवढ्या ठेवल्यास?"

"दृष्टीच्या हुत्या, अक्का. उतरून टाकलेलं मधनंच काढून ठेवलं तर ज्याचं त्याच्या घरात माघारी जातंय म्हनत्यात. मी लई मानते असं न्हाय. पन तुमची पुडी बी त्यात हुती. भुवनेश्वरीला सातवा हाय. माजा काय धीर झाला न्हाय."

"आमची पुडी कशावरनं वळखलीस?"

"गाठीवरनं. तुमी दोरा दोनदा फिरवून गाठ मारता. आन् मिरच्या बी वळखल्या की. गटाची गुंटूर हाय ती. तुमच्यासंगं देठ खुडून किती बोटं भाजून घेतल्यात मी."

मी विचारले, "मग चौकीत माजं नाव का न्हाय सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगून काय निंगव्वाचा हात जुळतोय व्हय? तुमी गावभर हिंडून सांगितलं म्हनून बायका दोन बादल्या ठेवत्यात. म्हनून माज्याकडं सुकं येतंय. उद्या तुमचं कुनी ऐकलं न्हाय, तर सगळं येकात येक येनार. मग भट्टी कुनी का चालवंना, चालायची न्हाय."

असे ती म्हणाली. दोन बादल्यांचे श्रेय माझे आहे, हे भट्टी बसल्यापासून एकाही माणसाच्या तोंडून मी ऐकले नव्हते. ते ऐकायला मिळाले ते तिच्याकडून, आणि तेही ती माझ्यासाठी खोटे बोलून आल्यावर. मला बरे वाटायला पाहिजे होते. मी म्हणाले, "तू लई मोठी झालीस, दानव्वा." ती म्हणाली, "बसा की, च्या टाकते." मी बसले नाही.

तिथून मी घरी न जाता भट्टीवर गेले. भट्टी गार होती. लिंबाखाली तीन बायका बसल्या होत्या, त्यांच्या हातात कागदाच्या गुंडाळ्या होत्या. मला बघून त्यांनी गुंडाळ्या पदराखाली घेतल्या. दानव्वा कधी येणार, असे एकीने विचारले. मी किल्ली दाखवली आणि म्हणाले, "आता माज्याकडं हाय. आना हिकडं." त्यांनी एकमेकींकडे बघितले. "ऱ्हाऊ द्या, अक्का," म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्या तिघींचीही नावे मला माहीत आहेत, तिघींनाही गटात मीच घेतले आहे. नावे इथे सांगणार नाही. मी शेड न उघडता परत आले.

माझे म्हणणे असे आहे. मिरच्या मी घरोघर दिल्या. त्या भट्टीला द्या, असे मी सांगितले. तिखट मिरची मी जाणूनबुजून निवडली. भट्टी तापायच्या आधी कचरा घालायला सरपंचांनी लावले. दानेश्वरीने पुड्या काढल्या नाहीत, त्याचे कारण माझी सून आहे. असे असताना दानेश्वरीने सगळे आपल्या अंगावर घेतले आहे. भट्टी तिची, फोटो तिचा, लिंबाखालच्या बायका तिच्या. या सगळ्यात एक दोष तेवढा माझा होता, तोही तिने मला न विचारता नेला. तो मला परत पाहिजे. निंगव्वाचा हात बरा होईपर्यंत तिला दोन्ही वेळचे जेवण माझ्या घरून जाईल, तसे तिच्या मुलाला सांगून आले आहे. त्याने दार लावून घेतले, तरी डबा जाईल. भट्टी आमच्या गटाला नको, ती दानेश्वरीकडेच राहावी. किल्ली मी मॅडमच्या टेबलावर ठेवली आहे.

या जबाबामुळे तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे मॅडमनी मला समजावून सांगितले. ते मला समजले आहे.

दानेश्वरीविरुद्ध तुमची काही तक्रार आहे का, असे मॅडमनी शेवटी विचारले. आहे. पुडीवरची गाठ ओळखल्यावर तिने मला हाक मारायला पाहिजे होती. चार घरांवर तर मी राहते. मी तिच्याशी भांडले असते, नको नको ते बोलले असते. पण माझ्या घरी आली असती.

वर लिहिलेले सगळे मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी जसे सांगितले तसेच उतरले आहे. भट्टी दानेश्वरीकडेच राहावी, हे वाक्य आले तेव्हा मी असे बोलले नाही, असे मी मॅडमना म्हणाले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले. बोलले होते. बरोबर आहे.

जबाब देणार,
दाक्षायणी सिद्रामप्पा कलशेट्टी